वयात येणं आणि शहाणं होणं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला करिअरवर बोलायला सांगितलं होतं. आयटीत कसं जायचं, मुलाखत कशी द्यायची वगैरे. मी म्हटलं, त्यावर यूट्यूबवर हजार जण बोलतायत, मला लैंगिक शिक्षणावर बोलू द्या. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग त्यांनी विचारलं, "शिबिरात मुलीही असणार आहेत, चालेल ना?" मी म्हटलं, मुली आहेत म्हणून तर बोलायचंय, आणि मुलगे आहेत म्हणून जास्तच बोलायचंय. त्यांनी हो म्हटलं, त्याबद्दल त्यांचे आभार. सगळेच हो म्हणत नाहीत.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, आलिम तर नाहीच. इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. या विषयावर बोलायचा अधिकार मला कुठून आला, असं कुणी विचारलं तर मी एक गोष्ट सांगतो. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात शिकलो. २००५-०६ साली दहावीला होतो. आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिला आपण सलमा म्हणू. हे तिचं खरं नाव नाही, आणि ही गोष्ट सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. सलमा गणितात माझ्या पुढे होती. भूमितीचं प्रमेय सर फळ्यावर पूर्ण करायच्या आत तिच्या वहीत पूर्ण झालेलं असायचं. माझ्या एका मित्राला ती आवडायची. त्यानं तिला चिठ्ठी लिहिली, तिनं उत्तर दिलं, आणि टपाल्याचं काम माझ्याकडे आलं, कारण आमचं घर तिच्या गल्लीत होतं. चिठ्ठीत काय असायचं? अभ्यास झाला का, जत्रेला येणार का, असलंच सगळं. आजच्या मुलांना हसू येईल.

एक दिवस तिची चिठ्ठी माझ्या खिशात होती. मधल्या सुट्टीत आम्ही पाच जण शाळेमागच्या भिंतीवर बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "वाच की." मी नाही म्हणालो. दुसरा म्हणाला, "घाबरतोय लेका." आणि मी ती मोठ्यानं वाचली. नुसती वाचली नाही, आवाज काढून, नक्कल करून वाचली. सगळे लोळून हसले. ते हसणं मला त्या क्षणी किती गोड लागलं, हे मी आजही नाकारत नाही.

चार दिवसांत ते गावभर झालं. चिठ्ठीतलं अर्धं गेलं आणि नसलेलं दुप्पट आलं. जानेवारीत सलमा शाळेत यायची बंद झाली. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेत तिच्या नंबराच्या बाकावर कुणी बसलेलं नव्हतं. मे महिन्यात तिचा निकाह झाला. तेव्हा तिला नुकतंच सोळावं लागलं होतं. मी अम्मीला विचारलं, तर ती म्हणाली, "तुझे क्या करना है? लडकियों की बाताँ हैं." ज्यानं पहिली चिठ्ठी लिहिली होती त्याला त्याच्या अब्बांनी दोन थोबाडीत दिल्या आणि अकरावीला मुंबईला मामूकडे पाठवलं. तो आज चांगल्या नोकरीत आहे. मीही आहे.

पुढच्या वर्षी सलमा गरोदर राहिली. सातव्या महिन्यात पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली. सासरच्यांनी नजर उतरवली. मग झटके आले, तेव्हा जीप करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. ती वाचली, बाळ वाचलं नाही.

माझा अधिकार म्हणाल तर एवढाच आहे.

आता थोडे आकडे. आपल्याकडे 'किशोरवयीन गर्भधारणा' म्हटलं की डोळ्यांसमोर अमेरिकेच्या सिनेमातली मुलगी येते. छोटे कपडे, पार्टी, बॉयफ्रेंड. मग आपण म्हणतो, हा पाश्चात्यांचा रोग आहे, आपल्यात असलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९ ते २०२१ चे आकडे बघा. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली एक तर आई झालेल्या होत्या किंवा पहिल्यांदा गरोदर होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ७.६ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. आपण स्वतःला प्रगत राज्य म्हणवतो. आणि या मुली पार्टीतल्या नाहीत. बहुतेक सगळ्या लग्न झालेल्या आहेत. मेंदी लावून, जेवणावळ घालून, सगळ्यांच्या दुआ घेऊन सासरी गेलेल्या आहेत.

त्याच पाहणीत धर्मानुसारही आकडे आहेत, आणि ते आपण टाळू नयेत. मुस्लिम मुलींमध्ये प्रमाण ८.४ टक्के आहे, हिंदू मुलींमध्ये ६.५. हा आकडा कुणी आपल्यावर फेकून मारण्यासाठी वापरेल, हे मला माहीत आहे. त्यावर उपाय म्हणून आकडा लपवायचा, हे मला पटत नाही. शेजारचाच दुसरा आकडा बघा: शाळेचं तोंडही न पाहिलेल्या मुलींमध्ये हे प्रमाण १८ टक्के आहे आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या मुलींमध्ये ४ टक्के. धर्माधर्मातला फरक दोन टक्क्यांचा आणि शाळेतला फरक चौदा टक्क्यांचा. बीड आणि परभणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. तिथं ऊसतोडीला जाणारं कुटुंब मुलीला एकटी गावात ठेवू शकत नाही आणि फडावरही नेऊ शकत नाही, म्हणून तिचं लग्न लावून देतं. त्यात मराठा आहेत, वंजारी आहेत, दलित आहेत, आपलेही आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडे लग्न हा अफवेवरचा इलाज झालाय. मुलगी कुणाशी बोलली, लग्न लावा. मोबाईल सापडला, लग्न लावा. शाळा लांब आहे, रस्त्यात पोरं उभी असतात, मग शाळा बंद करा आणि लग्न लावा. मुलीला सोळाव्या वर्षी दिवस जाऊ नयेत, ही काळजी कुणाला नाही. लग्नाआधी जाऊ नयेत, एवढीच काळजी आहे. पण शरीराला निकाहनामा वाचता येत नाही. कोवळ्या वयातल्या आयांना गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा, बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाचा धोका विशीतल्या बायकांपेक्षा जास्त असतो, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोकाही जास्त असतो, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लग्न झालेलं असलं तर धोका कमी, असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही.

आता मी भिंतीवर बसून जे केलं त्याकडे परत येतो. मी मूर्ख मुलगा नव्हतो. दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये हे मला माहीत होतं. त्या मुलीची बदनामी होईल हेही माहीत होतं, कारण आदल्याच वर्षी दुसऱ्या एका मुलीची झालेली पाहिली होती. घरी एकट्याला बसवून कुणी मला विचारलं असतं तर मी बरोबर उत्तर दिलं असतं, पैकीच्या पैकी मार्क. मग केलं कसं?

यावर मानसशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केला, योगायोगानं माझ्या दहावीचंच वर्ष. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाला की ठरवायचं, थांबायचं की जायचं. गेलात तर गुण मिळतात, पण आपटलात तर सगळं जातं. १३ ते १६ वयाची मुलं, कॉलेजातले तरुण आणि २४ च्या पुढचे प्रौढ, असे तीन गट होते. एकटे खेळताना तिघांत फार फरक पडला नाही. मग मित्रांना शेजारी बसवलं. प्रौढ होते तसेच खेळले. कॉलेजातल्या मुलांनी थोडा जास्त धोका पत्करला. आणि १३ ते १६ वाल्यांनी जवळजवळ दुप्पट.

म्हणजे कमी होती ती अक्कल नव्हे. साधारण सोळाव्या वर्षापर्यंत शांत डोक्यानं विचार करायची ताकद बऱ्यापैकी मोठ्या माणसांइतकी आलेली असते. पण डोकं शांत नसताना, म्हणजे कुणी बघत असताना, कुणी आवडत असताना, राग आलेला असताना, स्वतःला आवरणारी जी मेंदूतली यंत्रणा आहे ती पंचविशीपर्यंत पक्की होत असते. बक्षिसाची ओढ मात्र आधीच जोरात आलेली असते. आमच्या धंद्यात सांगायचं तर प्रोग्राम बरोबर लिहिलेला असतो, लोड आल्यावर पडतो. म्हणून आम्ही तो लोड न देता तपासून 'चालतोय' म्हणत नाही.

आणि आपल्याकडचं लैंगिक शिक्षण, जिथं कुठं थोडंफार होतं तिथं, नेमकं हेच करतं. एक तास, एक तक्ता, दोन बाणांच्या खुणा आणि शेवटी "म्हणून संयम पाळावा." आमच्या शाळेत तर तेवढंही झालं नाही. विज्ञानातल्या प्रजननाच्या धड्याला सर म्हणाले, "हा घरी वाचून या, परीक्षेला येत नाही." आणि तो धडा वर्गातल्या प्रत्येकानं घरी वाचला. पुस्तकातला एवढा एकच धडा असेल जो सगळ्यांनी वाचला.

पुढं २००७ मध्ये केंद्र सरकारचा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम शाळांत येणार होता, तेव्हा त्यातल्या चित्रांवरून आणि मजकुरावरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. फुले-आंबेडकरांचा महाराष्ट्र. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस एकटा जे छापत होता ते आपल्याला २००७ मध्ये शाळेत चाललं नाही. असो.

माहिती दिली की मुलं बिघडतात, हा आक्षेप नेहमीचा आहे. युनेस्कोनं २०१८ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेऊन मार्गदर्शिका काढली, त्यात उलटं आढळलं. लैंगिक शिक्षणानं संबंध वाढत नाहीत. उलट पहिला संबंध पुढं ढकलला जातो आणि काळजी घेण्याचं प्रमाण वाढतं. नुसता 'संयम पाळा' एवढाच उपदेश करणाऱ्या कार्यक्रमांचा मात्र तसा परिणाम दिसत नाही. इंग्लंडचं उदाहरण घ्या. पश्चिम युरोपात किशोरवयीन गर्भधारणेत ते फार वर होते. १९९८ मध्ये १५ ते १७ वयाच्या दर हजार मुलींमागे सुमारे ४७ गर्भधारणा. त्यांनी १९९९ मध्ये दहा वर्षांची योजना आखली. त्यात शाळेत शिक्षण, मुलामुलींना न लाजता जाता येईल अशी आरोग्यकेंद्रं, आणि जी मुलगी आई झाली तिला पुन्हा शाळेत आणायची सोय, हे सगळं एकत्र होतं. २०१४ पर्यंत तो आकडा २३ च्या खाली आला. नुसत्या धड्यानं हे झालं नाही, हे लक्षात घ्या. धडा, दवाखाना आणि शाळेचं उघडं दार, तिन्ही लागलं.

आता आपल्या घरातला आक्षेप. "इस्लाममध्ये मुलगी बालिग झाली की लग्नाला पात्र, मग तुम्ही अठराचं काय लावलंय?" हे मी दर दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचतो. मी आलिम नाही हे आधीच सांगितलं, पण वाचता येतं. कुरआनच्या सूरह निसामध्ये, सहाव्या आयतीत, अनाथांची मालमत्ता त्यांच्या हाती कधी द्यावी याचा विचार आहे. लग्नाच्या वयाला पोचेपर्यंत त्यांना पारखत राहा आणि मग त्यांच्यात समज आलेली दिसली तर द्या, असा त्याचा आशय. म्हणजे शरीरानं वयात येणं ही एक गोष्ट, आणि समज येणं, ज्याला 'रुश्द' म्हणतात, ती दुसरी गोष्ट. फिकहमध्ये बुलूग आणि रुश्द हे दोन वेगळे शब्द त्यासाठीच आहेत. शरीराच्या खुणा दिसल्या नाहीत तर वय किती धरायचं यावर इमाम अबू हनीफा यांचं मत मुलासाठी १८ आणि मुलीसाठी १७ असं होतं. १५ चं मत त्यांच्या शिष्यांचं आहे, पुढं तेच चाललं. आणि ज्याला समज आलेली नाही त्याची मालमत्ता कधीपर्यंत रोखून धरायची, यावर अबू हनीफांनी २५ वर्षं ही मर्यादा सांगितली. आज मेंदूवाले पंचविशी म्हणतात म्हणून त्यांनी तेव्हा विज्ञान सांगितलं होतं, असं मी म्हणणार नाही. तसले मेसेज मला आवडत नाहीत. एवढंच म्हणतो की चार आण्यांची जमीन हाती देताना आपण समज तपासायची म्हणतो, आणि एक आख्खं मूल जन्माला घालायला मात्र पाळी आली की पुरे म्हणतो, हे कुठल्या हिशेबात बसतं?

शरमेचं म्हणाल, तर ज्या घरात टीव्हीवर सॅनिटरी पॅडची जाहिरात लागली की चॅनेल बदलतात, त्याच घराच्या कपाटात 'बहिश्ती जेवर' असतं. मौलाना अशरफ अली थानवींचं. त्यात हैज, निफास, गुस्ल यांचे मसले इतके उघड लिहिले आहेत की सरकारी पुस्तकाची छाती होणार नाही. आमच्या नानीनं ते पाठ केलं होतं. म्हणजे बोलायची परंपरा आपल्यात आहे. ती पाकी-नापाकीपाशी थांबली, आरोग्यापर्यंत आणि संमतीपर्यंत आली नाही. आणि मुलग्यांपर्यंत तर ती कधी आलीच नाही. मुलग्यांची शिकवणी मोबाईल घेतो. तिथं पुढचा व्हिडिओ काय दाखवायचा हे ठरवणारा प्रोग्राम माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेला असतो, आणि त्याला एवढंच सांगितलेलं असतं की पोरगं स्क्रीन सोडून उठता कामा नये. समोरच्या बाईला काय वाटतं, ती नको म्हणतेय का, हे त्या शिकवणीत नसतं.

कायद्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथं आपली मुलं फार अडकतायत. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. मुलीची संमती होती, ती स्वतःहून आली, असं म्हणून सुटका नाही. निकाह झाला होता, हेही उत्तर नाही. १५ ते १८ वयाच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. काही उच्च न्यायालयांनी मुस्लिम मुलींच्या पंधराव्या वर्षानंतरच्या लग्नाला वैयक्तिक कायद्याखाली संरक्षण दिलं, केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पोक्सोतून असं लग्न सुटत नाही असं म्हटलं. वकील वाद घालत राहतील. तुम्ही एकोणीस वर्षांचे असाल आणि ती सतरा वर्षांची, तर तो वाद तुमच्या कोठडीत बसून ऐकायची वेळ आणू नका.

पण कायदा कडक केला म्हणजे मुलगी सुरक्षित झाली, असं मात्र समजू नका. पश्चिम बंगालमधला एक खटला मला वाचल्यापासून सोडत नाही. चौदा वर्षांची मुलगी २०१८ मध्ये घर सोडून पंचवीस वर्षांच्या माणसाबरोबर गेली. तिला मुलगी झाली. आईनं तक्रार केली, त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं त्याला सोडलं, पण सोडताना मुलींनी आपल्या इच्छा आवरायला हव्यात असा उपदेश निकालात केला. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, ऑगस्ट २०२४ मध्ये ते निकालपत्र रद्द केलं आणि दोष कायम केला. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत 'प्रेमसंबंध' हा शब्द चालणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मलाही ते पटतं. पण मग न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमून त्या मुलीशी बोलायला सांगितलं. तेव्हा कळलं की माहेरानं तिला टाकलं होतं, नवऱ्याला सोडवण्यासाठी वकील, पोलीस, कोर्ट असं करत ती कर्जात बुडाली होती, आणि तिला सगळ्यात जास्त त्रास त्या घटनेनं नव्हे, नंतरच्या सगळ्यानं झाला होता. मे २०२५ मध्ये न्यायालयानं विशेषाधिकार वापरून त्याला शिक्षा दिली नाही. समाजानं तिला दोषी ठरवलं, कायद्याच्या यंत्रणेनं आणि घरच्यांनी तिला वाऱ्यावर सोडलं, अशी कबुली त्या निकालात आहे.

त्या मुलीनं चौदाव्या वर्षी घर सोडलं तो निर्णय चुकीचा होता का? होता. पण चौदा वर्षांच्या मुलीनं तो एकटीनं घेतला, कारण विचारायला कुणी नव्हतं. तिच्या आधी चुकलेली मोठी माणसं मला जास्त दिसतात.

काही गोष्टी सरळ सांगतो. लिहून घेतलंत तरी चालेल. पहिल्याच संबंधातून दिवस जाऊ शकतात, 'एकदाच तर' याला शरीरशास्त्रात अर्थ नाही. आणीबाणीची गोळी जितक्या लवकर घ्यावी तितकी उपयोगी, साधारण बहात्तर तासांच्या आत. ती नेहमीचा उपाय नाही आणि दिवस गेले असतील तर ती ते घालवत नाही. पाळी चुकली तर मेडिकलमधल्या किटनं घरी तपासता येतं. किट हो म्हणालं तर मैत्रिणीनं सांगितलेल्या गोळ्या किंवा कुठल्या दाईचा काढा घ्यायचा नाही, डॉक्टरकडं जायचं. गर्भपात आपल्या देशात १९७१ पासून अटींसह कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी, दोन डॉक्टरांच्या मतानं, चोवीस आठवड्यांपर्यंत. अठराच्या आत पालकांची लेखी संमती लागते. पोक्सोमुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, आणि नेमक्या याच भीतीनं मुली दवाखान्याऐवजी भोंदूकडं जातात. म्हणून सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर संमतीच्या संबंधातल्या प्रकरणात डॉक्टरनं तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे अनेक डॉक्टरांनाही माहीत नसतं, तेव्हा तुम्ही माहीत करून घ्या. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात, तिथं लग्न झालंय का असं न विचारता बोलायला मिळालं पाहिजे. असतात म्हणतोय, सगळीकडं चालतात असं म्हणत नाही. तुमच्या तालुक्यात जाऊन बघा आणि कुलूप असेल तर अर्ज करा. १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे, ठरलेलं बालविवाहाचं लग्न थांबवायलाही तो चालतो.

आणि मुलग्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. माझ्या खिशात चिठ्ठी होती, तुमच्या खिशात फोन आहे. मी पाच जणांना वाचून दाखवली. तुम्ही एक स्क्रीनशॉट टाकलात की पाचशे जणांकडं जातो, आणि फोटो अल्पवयीन मुलीचा असेल तर तो पाठवणंच नव्हे, जवळ ठेवणं हाही गुन्हा ठरू शकतो. पण कायदा सोडा. ज्या क्षणी ग्रुपवर कुणी म्हणेल, "दाखव की, घाबरतोस का," त्या क्षणी तुमचं डोकं चालणार नाही. माझं चाललं नव्हतं. म्हणून तो निर्णय आजच, इथं सतरंजीवर बसून, डोकं थंड असताना करून ठेवा. त्या वेळी काय वाक्य बोलायचं तेसुद्धा ठरवून ठेवा. दुपारच्या गटांत आपण तेच करणार आहोत. दोघं आग्रह करतील, एक नाही म्हणेल, मग पाळी बदलेल. खोटं-खोटं वाटेल. वाटू दे.

सलमा मला तीन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली. तिला आता दोन मुलं आहेत, मोठी आठवीत आहे. मी माफी मागितली. म्हणजे मागायचा प्रयत्न केला, वाक्यं नीट जुळली नाहीत. ती म्हणाली, "तू नसतीस वाचली तरी कधी तरी सापडलीच असती. आमच्या घरात दुसरा इलाज कुणाला ठाऊक होता?" हे तिनं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं होतं, मला कळलं नाही. मग मी विचारलं, मी अशा विषयावर मुलांशी बोलतो, काय सांगू? मला वाटलं होतं ती शिक्षणाबद्दल, स्वातंत्र्याबद्दल काही म्हणेल. ती म्हणाली, "गरोदर बाईचं डोकं दुखायला लागलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. एवढं सांग. मुलग्यांना पण सांग, जीप तेच आणतात."

तेव्हा ते सांगितलं.

माझं बोलणं झालं. दाराजवळ बुटाचा एक रिकामा खोका ठेवलाय, झाकणाला फट पाडली आहे. कागद आणि पेन्सिली शेजारी आहेत, सगळ्या एकाच रंगाच्या, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखलं तरी पेनावरून ओळखणार नाही. नाव लिहू नका. ज्यांना काही विचारायचं नाही त्यांनीही कोरा कागद टाका, म्हणजे कुणी टाकला आणि कुणी नाही हे कळणार नाही. चहा झाल्यावर एक डॉक्टर बाई येतायत, त्या आणि मी मिळून चिठ्ठ्या उघडू.

यावेळी त्या मोठ्यानं वाचायची परवानगी आहे.